निमज्यांच्या गॅलरीचा कठडा

"ओढ जोरानं. त्याईनंच ठोकले आहेत ते खिळे, अन् माणूस तवा धडधाकट होता," तुळसाबाई निमजे मला म्हणाल्या.

मी पकड घेऊन दाराच्या चौकटीतला खिळा उपसत होतो. खोलीतल्या खाटेवरून देवरावजी, म्हणजे त्यांचे यजमान, माझी गंमत बघत पडले होते.

"लोहाराचं पोट्टं अन् खिळ्यानं दमलं," ते म्हणाले. "तुह्या बापानं दातानं काढला असता."

"बाबांचे दात तुमच्या खिळ्यांनीच पडले असतील, काकाजी," मी म्हणालो, आणि ते खोकत खोकत हसले.

नागपुरात इतवारीतल्या एका जुन्या इमारतीचा तो पहिला मजला. खाली दुकानं, वर भाडेकरू. निमज्यांच्या खोलीचं हे दार रस्त्यावरच्या गॅलरीत उघडायचं. बारा फूट लांब, साडेतीन फूट रुंद गॅलरी. तिचा लाकडी कठडा कुजून अर्धा खालच्या बांगड्यांच्या दुकानावर पडला, तेव्हा देवरावजींनी उरलेला काढून टाकला आणि दार ठोकून बंद केलं. त्याला चार वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी ते शिडीवरून पाठीवर पडले आणि त्यांचं कमरेखालचं अंग गेलं.

पडले तेही बडग्या बांधताना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत असे बाईचे दोन मोठे पुतळे, आणि त्यांच्यासोबत गल्लोगल्लीचे बांबू-कागदाचे पुरुषी पुतळे, म्हणजे बडगे. गावाची सगळी पीडा त्यांच्या डोक्यावर घालून त्यांना गावाबाहेर नेऊन जाळायचं. देवरावजी हातमागावरचे कोष्टी, पण इतवारीत त्यांची ओळख बडग्याची. तीस वर्षं त्यांनी आपल्या गल्लीचा बडग्या केला. आता तीन मारबती त्यांनी खाटेवर पडून नुसत्या कानांनी ऐकल्या होत्या. डॉक्टरांनी तुळसाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की छाती फार खराब आहे, पुढल्या वर्षीचा पोळा दिसेलच असं नाही.

"औंदा त्याईले गॅलरीत बसवीन," तुळसाबाई मला म्हणाल्या. "खालून गल्लीतले लोकं त्याईले पाहतीन, हे वरून मारबत पाहतीन. बस, एवढंच पाह्यजे मले. तू कठडा असा कर शालिक, का कोणाची छाती धडधडली नाही पाह्यजे."

पोळा वीस दिवसांवर होता. मी सव्वीस वर्षांचा होतो. बाबांनी भट्टी माझ्या हाती दिल्यावरचं हे माझं पहिलं मोठं काम.

जुन्या इमारतीचा कठडा तयार मिळत नाही. प्रत्येक गॅलरीचं माप वेगळं, उतार वेगळा, भिंत कुठे फुगलेली तर कुठे दबलेली. अशा घराला बाजारातली जाळी आणून लावली की ती म्हाताऱ्याला पोराची टोपी घातल्यासारखी दिसते. मी तुळसाबाईंना विचारलं, "काकू, काकाजींनी विणलेलं एखादं लुगडं आहे?" त्यांनी ट्रंकेतून एक जुनं लुगडं काढलं. त्याला करवती काठ होता, करवतीच्या दात्यांसारखा. तो काठ मी फरशीवर खडूनं काढून घेतला आणि लोखंडात उतरवायचं ठरवलं. देवरावजी खाटेवरून मान उचलून बघत होते. "एक दात कमी काढला तू," ते म्हणाले. मी मोजले. खरंच एक कमी होता.

पंधरा दिवस मी त्या कठड्यावर राबलो. खोटं कशाला बोलू, ते काम मी निमज्यांसाठी करत नव्हतोच. मारबतीच्या दिवशी अख्खं नागपूर त्या रस्त्यानं जातं आणि प्रत्येक जण वर बघत जातो. त्या दिवशी माझा कठडा तिथे असला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पोळ्याच्या पाच दिवस आधी मी खांब रोवायला गेलो. सात खांब, म्हणजे गॅलरीच्या कडेला सात भोकं. वर दगडी फरशी, खाली चुना, त्याखाली सागाच्या तुळया. छिन्नी चुना संपवून सागाला लागली की हाताला झटका बसतो, त्या झटक्याची आम्ही वाट बघतो. डाव्या टोकाचं पहिलं भोक पाडलं. चुना संपला. झटका बसला नाही. छिन्नी आत गेली ती जातच राहिली, ओल्या गुळात गेल्यासारखी. बाहेर काढली तर टोकाला काळपट भुगा आणि त्यात वाळवी.

म्हटलं, एखादी तुळई गेली असेल. उजव्या टोकाला दुसरं भोक पाडलं. तिथेही तेच. मी गज घालून बघितला, तर तो सरळ खाली जाऊन बांगड्यांच्या दुकानाच्या पत्र्यावर टण्णकन वाजला.

मी तिथेच उकिडवा बसून राहिलो.

"काहून थांबला रे?" आतून देवरावजींचा आवाज आला.

"दम घेऊन राह्यलो, काकाजी."

ते पुढे काही बोलले नाहीत.

बाबा म्हणायचे, कठडा वरून नाही, खालून बघायचा असतो. म्हणजे आधी खाली जायचं, गॅलरीच्या पोटाशी शिडी लावायची आणि तिला धरणाऱ्या तुळया ठोकून बघायच्या. मी ते केलं नव्हतं, कारण खाली दुकानदाराचा पत्रा होता आणि मला पंधरा दिवस लुगड्याच्या काठापलीकडे काही दिसत नव्हतं. आता तरी खाली जायला हवं होतं. पत्रा काढायला सांगायचं, घरमालकाला बोलवायचं, तुळया बदलायला लावायच्या. पण त्यात महिना गेला असता. दार पुन्हा खिळे ठोकून बंद झालं असतं. देवरावजींनी चौथी मारबत खाटेवर ऐकली असती, आणि माझा कठडा भट्टीच्या दारात गंजत पडला असता. देवरावजींचं मी मनाला सांगितलं. कठड्याचं सांगितलं नाही.

तुळसाबाई चहा घेऊन दारात आल्या. "झाले भोकं पाडून?"

"काकू, मी जरा डिझाइन बदलून राह्यलो," मी म्हणालो. "कठडा फरशीत नाही, भिंतीत धरतो. फरशी फोडायची गरजच नाही."

"भक्कम होईन न?"

"हत्ती टेकला तरी हलणार नाही."

हे खरं होतं, आणि तेच वाईट होतं. दर्शनी भिंत दोन फूट जाड, पक्क्या विटांची होती. मी दोन्ही बाजूंना जाड अँगल भिंतीत खोल घातले, वरून सळयांचे दोन तिरपे ताण दिले, आणि सगळा कठडा भिंतीला असा बांधला की त्याला खालच्या फरशीची गरजच उरली नाही. दोन्ही भोकं सिमेंटनं बुजवली. खांबांचे सातही पाय फरशीवर नुसते टेकवले आणि त्यांच्याभोवती सिमेंटचे गोळे थापले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की आत रोवलेले आहेत. हिशेब मी मनाशी केला होता: एक माणूस खुर्चीवर, एक दारात. तेवढं ती फरशी धरेल. चार वर्षं धरून राहिलीच होती की.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कठडा बसवला की करणाऱ्यानं घरच्या माणसांसमोर त्याच्यावर सगळं अंग टाकून दाखवायचं. त्याशिवाय काम दिलं असं होत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी ते करायला उभा राहिलो. दारात तुळसाबाई, शेजारच्या भुसाऱ्यांची बारावीतली मुलगी सुनंदा, आणखी चार-दोन बाया. खाली रस्त्यावरही माणसं थांबली होती, कारण मागच्या लाल विटांच्या भिंतीवर काळा करवती काठ खरोखर उठून दिसत होता.

आतून अंग टाकायचं तर गॅलरीत पाय रोवावे लागतात. मी भिंतीला धरून कठड्यावर चढलो, पलीकडे गेलो आणि बाहेरच्या बाजूनं दोन्ही हातांनी लटकलो. रस्त्यावरून टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली. मी दोन-तीन झोके घेतले. कठडा तसूभर हलला नाही.

"अबे, आतून टेक न," देवरावजी खाटेवरून म्हणाले. "माकडासारखा बाहेरून काय लटकतं?"

"आतून तर कोणीबी टेकते, काकाजी."

ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हाव. तेबी खरं आहे."

निघताना मी तुळसाबाईंना म्हणालो, "काकू, रंग अजून ओला आहे. उद्या-परवा गॅलरीत गर्दी नका करू. काकाजींना एकट्याला बसवा, तुम्ही दारातच उभ्या राहा. बाकी कोणाले येऊ देऊ नका. कपडे खराब होतील."

एवढाच इशारा मी दिला. रंगाचा.

मारबतीच्या दिवशी ऊन कडक पडलं होतं. मी समोरच्या फुटपाथवर नवा शर्ट घालून सकाळपासून उभा होतो. चौघांनी देवरावजींना खुर्चीसकट उचलून गॅलरीत आणलं आणि कठड्याशी बसवलं. गल्लीतल्या पोरांनी खालून आरोळी दिली, "देवराव काकाऽऽ!" त्यांनी दोन्ही हात वर केले. मागावरचे हात होते ते, खांद्यापासून मनगटापर्यंत पिळाच्या दोरासारखे. त्यांचा चेहरा मला इतक्या लांबून दिसला. तीन वर्षांत तसा पाहिला नव्हता. मला वाटलं, मी बरोबरच केलं.

तुळसाबाई दारात उभ्या होत्या. मी सांगितलं तशा. मग ढोलांचा आवाज जवळ आला आणि त्या एक पाऊल पुढे आल्या. त्यांनी कठड्याला बोट लावलं, बोट बघितलं, आणि मागे वळून काहीतरी म्हणाल्या. नंतर भुसाऱ्यांच्या आईनं मला ते सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "या व्हो बायांनो, रंग त वाळला."

आधी सुनंदा आली. मग तिची आई, मग तिसऱ्या खोलीतल्या दोघी, मग लेकरं. मिरवणूक चौकात वळली तशी आतली सगळी माणसं बाहेर आली. त्यांना भीती वाटायचं काही कारण नव्हतं. जुना कठडा हलायचा, म्हणून त्या गॅलरीत लोक जपून पाय टाकायचे. हा हलत नव्हता. ज्याला लटकून मी झोके घेतलेले सगळ्यांनी पाहिले होते, त्याला टेकायला कोण भिणार?

मी आठ मोजली, मग अकरा.

"काकू! मागं व्हा!" मी ओरडलो. "मागं व्हा सगळ्या!"

ढोल, ताशे, आणि हजार माणसांची आरोळी: "घेऊन जाय गे मारबत!" तुळसाबाईंनी मला गर्दीत पाहिलं. त्यांना वाटलं मी कठड्याचं कौतुक ऐकायला उभा आहे. त्यांनी कठड्यावर थाप मारून दाखवली, छान झाला म्हणून, आणि हसल्या. मी रस्ता ओलांडायला गर्दीत घुसलो. कोणी जागा देईना. एक जण म्हणाला, "मारबत इकडून आहे राजा, तिकडं कुठं चालला?"

मी जिन्याच्या दारापर्यंतसुद्धा पोचलो नाही. मोठा धडाका वगैरे झाला नाही. जुनं पोतं फाडल्यासारखा आवाज झाला, मग पत्रा चेपल्याचा, आणि चुन्याची पांढरी धूळ उठली. पुढे गेलेल्यांना काही कळलंच नाही. त्यांचे ढोल वाजत राहिले, ते पीडा घेऊन जायला सांगत राहिले.

धूळ खाली बसली तेव्हा गॅलरी नव्हती. दार उघडं होतं आणि दाराबाहेर काही नव्हतं. कठडा होता. दोन्ही अँगल, दोन्ही ताण, करवती काठाचा एकूण एक दात जागच्या जागी. त्याच्या खाली सात पाय हवेत होते. आणि देवरावजी दोन्ही हातांनी त्याला लटकत होते, कमरेखालचं अंग ओल्या धोतरासारखं लोंबत. शिडी येईपर्यंत ते तसेच राहिले. वरून लोकांनी त्यांच्या काखेत दोर घातला तेव्हाही त्यांची बोटं सुटेनात.

तुळसाबाई जागच्या जागी गेल्या. सुनंदा मेयो इस्पितळात नेताना रिक्षातच गेली. खाली उभा असलेला एक माणूस गेला, मारबत पाहायला खेड्यावरून आला होता. त्याचं नाव मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं, महादेव चाचेरे. सुनंदाच्या आईचा पाय गेला.

तुळसाबाईंच्या तेरवीनंतर तीन-चार दिवसांनी चौकशीचे साहेब आले. निमज्यांना मागच्या खोलीत हलवलं होतं. त्यांचा मुलगा भिलाईहून आला होता, तो घरमालकाकडे गेला होता. खाटेवर देवरावजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. साहेबांनी मला खुर्चीसमोर उभं केलं.

"कठडा तुम्ही केला?"

"हो साहेब."

"फरशीत का नाही रोवला? सगळे फरशीत रोवतात."

इथे बोलायचं होतं. दोनच वाक्यं होती.

"डिझाइनच तसं होतं साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी लिहून घेतलं. मग मान वर करून म्हणाले, "हुशारी केलीत. फरशीत रोवला असता तर हेही गेले असते. तुमचं काम चोख आहे, दोष इमारतीचा." त्यांनी कागद पुढे केला. मी सही केली. मग खाटेजवळ जाऊन त्यांनी देवरावजींना विचारलं, "बाबा, कठडा करणाऱ्याबद्दल काही तक्रार आहे?"

"नाही," देवरावजी भिंतीकडे बघत म्हणाले. "कठडा चांगला होता."

साहेब गेले. जिन्यावरचे त्यांचे बूट ऐकू येईनासे झाले. मी पाया पडावं म्हणून खाटेजवळ गेलो, आणि मला ते जमेना. मी रडायला लागलो.

"काकाजी, मी..."

"चूप बस," ते म्हणाले. "सात खांब होते तुहे. सात भोकं पाडाची होती. दोन पाडून थांबला तू. गज खाली पत्र्यावर वाजला, तो मी ऐकला. मी या घरात चाळीस वर्षं राह्यलो, मले नाही समजणार का कुठून काय वाजते?"

मी बाहीनं डोळे पुसले.

"काहून थांबला म्हणून विचारलं मी तुले. तू दम घेतो म्हणाला. मले मालूम होतं तू खोटं बोलून राह्यला. आणखी एकडाव विचारलं असतं, त तू सांगितलं असतं. सांगितलं असतं न?"

"हो," मी म्हणालो. खरंच सांगितलं असतं.

"मी नाही विचारलं. मले मारबत पाहाची होती."

बाहेर कोणीतरी नळावर बादली लावली. बादली भरली, नळ बंद झाला. मग त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. त्या पंधरा दिवसांत त्यांचा चेहरा नुसता हाडांचा झाला होता.

"साहेबानं लिवलं, दोन्ही हातानं कठडा धरला म्हणून हा माणूस वाचला. लिवलं न?"

"हो, काकाजी."

"आधी एकाच हातानं धरला होता. दुसऱ्या हातात तिचा हात होता." त्यांनी उजवा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि तो उलटासुलटा करून बघितला. "ती खाली लटकली होती, माह्याकडं पाहत होती. काही बोलली नाही. बोटं सुटून राह्यली होती माही, कठड्यावरची. मंग मी तिचा हात सोडला, अन् दोन्ही हातानं कठडा धरला."

मी खाली बसलो.

"तू कोणाले सांगू नको," ते म्हणाले. "तू तुहं सांगितलं, त मले माहं सांगा लागन. माह्या पोराले सांगा लागन. मी मेल्यावर सांगजो."

मी त्यांना शब्द दिला. त्या दिवाळीपर्यंत मला जुन्या इमारतींच्या अकरा कठड्यांची कामं मिळाली. जो येई तो म्हणे, निमज्यांच्या गॅलरीचा केला तसाच आम्हाला कर. मी प्रत्येक ठिकाणी आधी खाली जाऊन तुळया ठोकून बघितल्या, आणि लोक म्हणाले, काय जबाबदार पोरगा आहे.

डॉक्टर चुकले होते. देवरावजी त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. परवा त्यांना पोचवून आलो.